मास्तरांना दिलेली आज्ञा

काम तसं साधंच होतं. मास्तरांच्या कुत्र्याला उठवायचं. हसू नका. मास्तर आणि मी एकाच शाळेत लॅटिन शिकवायचो, आणि त्यांनी कुत्र्यालाही सगळ्या आज्ञा लॅटिनमध्येच शिकवल्या होत्या. "आपल्या पोरांपेक्षा हा बरा," म्हणायचे, "पाठ केलेलं विसरत नाही."

मास्तर वारले तरी कुत्रा अजून त्यांच्या आरामखुर्चीपाशी बसून होता. उपाशी. त्यांची लेक रडकुंडीला आली होती.

"काका, दवाखान्यात निघताना बाबा त्याला काहीतरी म्हणाले. तेव्हापासून हलत नाही."

"'मने' म्हणाले असतील. म्हणजे थांब." मला शिकवल्याशिवाय राहवतं थोडंच! "मूळ क्रियापद 'मनेरे'. शेवटचा 'रे' छाटला की झाली आज्ञा. तसंच 'अबीरे'चं 'अबी'. म्हणजे जा."

मी 'अबी' म्हणालो. कुत्रा थरथरत उठला आणि स्वयंपाकघरात गेला. भांड्याचा आवाज ऐकून मलाच भरून आलं.

दिवेलागणीची वेळ होती. तिने दिवा लावला. खोलीत मास्तरांच्या बामाचा वास होता... आणि खुर्चीची वेताची बैठक खोल दबलेली होती.

"काका..." ती कुजबुजली. "तो 'मने' शब्द मलाही येत होता. लहानपणी शिकवला होता त्यांनी. शेवटी त्यांचा हात धरून मी तोच म्हणत राहिले... वडिलांना चालतो का हो?"

"लॅटिनमध्ये अहो-जाहो नसतं." मी म्हणालो. "बापाला आणि कुत्र्याला आज्ञा एकच."

"रात्रभर खोकतात हो इथे बसून. दमलेत. त्यांना सोडायला हवं ना मी?"

"हो, बाळ. म्हण, 'अबी'."

ती खुर्चीसमोर उभी राहिली. "अ..."

वेत करकरला. दबलेली बैठक हळूहळू वर येऊ लागली. कुणीतरी हातांवर जोर देऊन उठत होतं... तिच्याकडे बघवेना.

"मने," ती म्हणाली. "बाबा, मने..."

बैठक पुन्हा खाली गेली. मग तो ओळखीचा, दमलेला खोकला आला. मी तिला दुसऱ्यांदा सांगितलं नाही. खरं सांगतो, मलाही मास्तर हवेच होते.

स्वयंपाकघरातला भांड्याचा आवाज थांबला. कुत्रा अर्धं जेवण टाकून परत आला आणि खुर्चीपाशी बसला.