घोडे शाबूत होते

मेजावरच्या कागदात तिन्ही घोडे शाबूत होते. माणसाचं डोकं तेवढं कुणीतरी कापून नेलं होतं.

तीनशे वर्षांपूर्वी कुण्या युरोपी चित्रकाराने तपकिरी शाईत काढलेलं ते रेखाटन कारंज्याच्या फुलचंद सेठांचा जीव की प्राण होतं. काल भर दुपारी चौकटवाला फय्याज फुटकी काच काढून, माप घेऊन गेला. कागद उघडाच राहिला. आज फय्याज चावडीच्या कोठडीत होता आणि बाहेर माणसं जमत होती. काहींच्या हातात काठ्या होत्या.

सेठांनी शाळेतल्या यादव काळमेघ मास्तरला बोलावलं. यादव नागपूरहून नुकताच बी.एस्सी. होऊन आला होता.

"फय्याजमागून खोलीत कोण गेलं?" त्याने दिवाणजी रंगरावला विचारलं.

"कोनीच नाई. किल्ली माह्या कंबरेले."

"मग त्यानं कापलं कायले?"

"त्याइच्यात मानसाचं तोंड चालत नाई, मास्तर. साऱ्या गावाले ठावं हाये."

यादवने कागद खिडकीशी धरला. भोकाची कड बाकीच्या कागदाहून उजळ दिसत होती.

तिथून तो बाजारात, फय्याजच्या दुकानामागच्या घरी गेला. फळीवर घोडाछाप बिस्किटांचा डबा होता. घोड्याच्या तोंडावर कागद चिकटवलेला.

"हे काहून?"

"घरात नमाज होते ना," फय्याजची बायको कुलसुम म्हणाली. "जनावर असो का मानूस, तोंड झाकाच लागते. दुकानातले चित्रं लोकाइचे. त्याले आमी कायले हात लावाव?"

चावडीत यादवने सेठांचा तो कापलेला कागद जमादार रतनसिंगच्या हाती दिला. रंगराव दाराशी उभा होता.

"उजेडात धरा. कागदावर दिव्याचं तेल सांडलं की तिथून उजेड आरपार येतो. डाग डोक्याहून मोठा होता, म्हणून कड उरली. भर दुपारी आलेल्या फय्याजला दिवा कशाला लागेल? आणि धर्मापायी कापलं असतं, तर त्याने घोड्यांची तोंडंही सोडली नसती. नियम माणसाला नि जनावराला एकच. ज्याला तो अर्धाच ठाऊक होता, त्याने डोकं कापून आपला डाग लपवला. किल्ली एकाच कंबरेला होती."

रंगराव खाली बसला.

"सांजच्याले पाहाले गेलो. दिवा कलला जी. सेठ हाकलून देईन वाटलं. घोड्याइचं ध्यानातच नाई आलं."

रतनसिंगने कोठडीचं कुलूप काढलं. फय्याज बाहेर आला. चावडीपुढे आता कुणीच नव्हतं.

बाजाराकडून काच फुटल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मग तो थांबेचना.

"मास्तर," फय्याज म्हणाला, "कुलसुम घरातच हाये." आणि तो धावत सुटला.