मडिकेरीचा डबा

शमिका, डबा रिकामाच आणलास ना? बरं केलंस. काकू आतून काय म्हणायचं ते म्हणो. उद्या तुम्ही नवराबायको मडिकेरीला निघालाय, तर बसा स्वल्प. वीज येईल तेव्हा येईल. आशय, तो मोबाइलचा दिवा घालव आधी, डोळ्यांत येतोय.

हसू नकोस. ऐकीव गोष्ट नाही ही. आमच्या कारखान्यात माझ्या हाताखाली शिकलेला मकरंद, इथंच जयनगरात राहतो, त्याच्या घरात घडलंय.

त्याची सुखदा सहा वर्षांची. डेंग्यूतून उठली, पण अन्नावरची वासनाच उडाली. अमृता, म्हणजे तिची आई, चिऊकाऊचे घास करून करून थकली. पोरीच्या हातापायांच्या काड्या झालेल्या. डॉक्टर म्हणाले, हवापालट करून बघा. मकरंदनं गाडी काढली आणि तिघं मडिकेरीला गेली.

गाव देखणं आहे, त्यात वाद नाही. दरीच्या कडेला उभं राहिलं की ढग आपल्या पायाखाली. कॉफीच्या मळ्यात त्यांनी होमस्टे घेतला होता. पोरगी दिवसभर हुंदडली, पण बिस्किटाचा तुकडा तोंडात घातला नाही.

गेल्या डिसेंबरची तेरा तारीख, शनिवार. रात्रीचे नऊसुद्धा वाजले नव्हते. बाहेर धुकं असं, की अंगणातली गाडी दिसेना. दार वाजलं. दारात एक म्हातारी, हातात स्टीलचा डबा. "मगूगे," एवढंच म्हणाली. लेकरासाठी. आणि वरच्या वाटेनं निघून गेली.

आत मऊ भात, तूप घातलेला, वाफाळता. सुखदानं शीत ठेवलं नाही. बोटंसुद्धा चाटली. अमृता पदरानं डोळे पुसत बसली. कितीतरी दिवसांनी पोर जेवली होती हो!

आता आपल्या बायका तुम्हाला ठाऊक. कुणाचं भांडं रिकामं परत करतील तर शपथ! सकाळी अमृतानं डबा घासला, बरोबर आणलेला डिंकाचा लाडू आत ठेवला. सुखदानं विचारलं, "लाडू कशाला?"

"कुणी मायेनं भरून दिलेलं भांडं रिकामं परत देऊ नये, बाळा."

वरच्या वाटेला एकच घर. दार बंद होतं, म्हणून डबा पायरीवर ठेवून ती आली आणि होमस्टेच्या प्रेमाक्कांना सहज सांगितलं. त्यांच्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला.

"त्या घरात कुणी राहत नाही. म्हातारीची नात तापात गेली. अन्न तुटलं होतं तिचं. मागोमाग म्हातारी गेली. अजून आजारी पोर आलं की ती भात आणते. खाल्लेलं बाधत नाही. पण डबा रिकामा ठेवायचा असतो, अक्का. भरून दिला... की ती नातं धरते."

दोघं धावत वर गेली. पायरीवर डबा नव्हता.

मकरंद इंजिनिअर माणूस. माकडानं नेला म्हणाला. तिघं बेंगळुरूला परत आली.

इथं आल्यावर पोरीनं पुन्हा तोंड मिटलं. आईनं घास पुढे केला की मान फिरवायची. "अज्जीच्या हातचा." दुसरं बोलणं नाही. डॉक्टर म्हणाले, आता दाखल करावं लागेल, सलाईन लावू.

त्याच रात्री बेल वाजली.

तिसरा मजला. बाहेर कुणी नाही. जिना रिकामा. उंबऱ्याशी... डबा. हात लावला, तर गरम.

आतून सुखदा म्हणाली, "अज्जी आली?"

मकरंद डबा खाली भिरकावणार होता. अमृतानं तो हिसकावून घेतला. "खाऊ दे. जी कुणी असेल ती असू दे. माझी पोर खाऊ दे." रडत रडत तिनं एकेक घास भरवला. सुखदानं सगळा खाल्ला.

मग मकरंदनं स्वतः डबा घासला. पुसला. रिकामा, अगदी रिकामा, दाराबाहेर ठेवला. दाराची वरची कडी लावली. म्हणाला, "फिटलं. संपलं." सुखदाला मध्ये घेऊन दोघं झोपली.

सकाळी डबा गेलेला होता. हुश्श झालं. अमृता चहाला स्वयंपाकघरात गेली...

साखरेची बरणी उघडी. मुंग्यांची रांग. ओट्यावरून खाली. खोलीतून... दाराकडे. मकरंदनं कडी काढली. रांग उंबऱ्यापलीकडे गेलेली. जिथं डबा ठेवला होता, तिथपर्यंत. तिथं चार दाणे.

सुखदा झोपलेलीच होती. मूठ मिटलेली. अमृतानं बोटं उघडली... चिकट तळवा. साखर.

डोळे न उघडताच पोर हसली. "रिकामा द्यायचा नसतो ना, आई?"

काय, शमिका? कडी?

... वरची. तिचा हात पोचत नाही तिथं. खुर्ची घेतली असेल म्हणशील, तर खुर्च्या जागच्या जागी होत्या. आणि सकाळी मकरंदनं काढली तेव्हा कडी... आतून लावलेलीच होती.