दुप्पट उंचीचा थेंब

पाण्याच्या थेंबाचं एक चित्र छापायला शाईची एक कुपी लागली. मग दुप्पट उंचीचा थेंब छापायला किती कुप्या लागतील?

"दोन," शाल्मली म्हणाली.

"चार लागल्या," ठिपका म्हणाला. ठिपका हा चंद्रावरच्या वसाहतीतल्या शाळेचा यंत्रमानव. मुलांची चित्रं भिंतीवर छापायची आणि संपलेली शाई पुन्हा भरायची, हे त्याचं काम.

"तुझी नळी गळत असेल."

"माझी नळी धड आहे. तुझं गणित गळतंय."

एरवी शाल्मली हसली असती. आज तिला हसू आलं नाही. तो थेंब तिनेच काढला होता.

वसाहतीत एक रीत होती. बाई शिकवत असताना मुलं चित्रटिपणं (ऐकलेली गोष्ट छोट्या चित्रांनी आणि बाणांनी टिपून ठेवणं) काढत. त्यातून तयार झालेलं एक माहितीचित्र (आकडे चित्ररूपात दाखवणारा तक्ता) दर आठवड्याला भोजनगृहाच्या भिंतीवर लागे. मोठी माणसं जेवताना ते पाहत आणि हात वर करून निर्णय घेत. मुलांनी काढलेलं चित्र कुणालाही समजतं, असा त्यामागचा विचार.

या वेळचा विषय होता पाणी. आबांच्या अळूच्या वाफ्याला गेल्या वर्षी रोज शंभर लिटर पाणी लागे, यंदा दोनशे. आबा म्हणजे शाल्मलीचे आजोबा, वनस्पतिशास्त्रज्ञ. पृथ्वीवरच्या आपल्या परसातून आणलेल्या मूठभर अळकुड्यांपासून (अळूच्या कंदांपासून) त्यांनी तो वाफा वाढवला होता.

शाल्मलीने गेल्या वर्षीचा एक थेंब काढला आणि शेजारी यंदाचा, दुप्पट उंच. लांबुडका दिसू नये म्हणून रुंदीही दुप्पट केली. खाली आकडे अगदी बरोबर लिहिले.

"बापरे, केवढं हे पाणी!" ताट हातात घेऊन उभे असलेले सरदेशमुखकाका म्हणाले. वाफा काढून टाकावा म्हणून भराभर हात वर झाले. दुसऱ्या दिवशी वाफा खणला गेला. पानं, देठ, अळकुड्या, सगळं खतयंत्रात गेलं. उपटायला आबांनीच मदत केली.

आता ठिपक्याचं बोलणं ऐकून शाल्मली धावत आबांकडे गेली. ते रिकाम्या वाफ्याच्या कडेला बसले होते.

"आबा, शाई चौपट लागली. असं कसं?"

आबांनी जमिनीवरच्या एका फरशीवर बोट ठेवलं. "हिच्या दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद चौकोन दाखव बघू."

शाल्मलीने फरश्यांवरून बोट फिरवलं. आत चार फरश्या आल्या.

"उंची दुप्पट, रुंदी दुप्पट, मग क्षेत्रफळ (आकृतीने व्यापलेली जागा) चौपट," आबा म्हणाले. "तू दुप्पट सांगत होतीस, पण डोळ्याला चौपट दिसलं. डोळा आधी पाहतो. आकडा मागाहून वाचतो, वाचला तर."

"पण तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

आबांनी रिकाम्या वाफ्याकडे पाहिलं. "मीही चित्रच पाहिलं गं. रोज पाणी मीच मोजून घालत होतो, तरी मलासुद्धा वाटलं, फारच पितोय हा."

शाल्मलीला रडू आवरेना. "आता सांगितलं तर परत लावतील?"

"लावायला अळकुड्या कुठे आहेत, शालू? पृथ्वीवरून येतील कधीतरी. माझ्या परसातल्या नसतील त्या. तिथे आता परस नाही." त्यांनी तिचे डोळे पुसले. "तू चित्र मात्र नीट कर."

तिने नवं चित्र काढलं. शंभर लिटरला एक थेंब. गेल्या वर्षासाठी एक, यंदासाठी शेजारी शेजारी दोन, सगळे एकाच मापाचे.

"तीन कुप्या," ठिपका छापता छापता म्हणाला. "या वेळी शाई आणि गणित जुळलं."

"तू आधीच का नाही बोललास?"

"मला कुणी विचारलं नाही."

त्या दिवशी भोजनगृहात लोक आधी हसत बोलत होते. मग एकेक जण भिंतीकडे वळून पाहू लागला.

"एवढंच?" सरदेशमुखकाकांनी विचारलं.

शाल्मलीने होकारार्थी मान डोलावली. काकांनी ताट खाली ठेवलं. बराच वेळ ते त्या दोन थेंबांकडे पाहत राहिले.

"आबा," ते हळूच म्हणाले, "पुढच्या यानातून अळकुड्या मागवायच्या का?"

आबांनी एकदा भिंतीवरच्या थेंबांकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "मागवा. तोवर मी माती ओली ठेवतो."