दर बारा मिनिटांनी थरथरणारे तारे

"बोक्या, खरं सांग. गच्चीवर फिरलास ना?"

"नाही फिरलो! तुझ्या शेजारीच जिन्यात होतो. झोपलो होतो म्हण हवं तर."

ढापणीने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावर ताऱ्यांचे ठिपके असायला हवे होते, त्यांच्या नुसत्या रेघोट्या झाल्या होत्या. सलग तिसरी रात्र वाया गेली होती. रडावं की कुणाच्या तरी पाठीत धपाटा घालावा, हेच तिला कळेना. आणि धपाट्याला सगळ्यात जवळ बोकाच होता.

जाड चष्म्यामुळे या तेरा वर्षांच्या मुलीला सगळे ढापणीच म्हणत. बोका तिचा धाकटा भाऊ. तळमजल्यावरची भिंगरी तिची वर्गमैत्रीण, जिचे पाय थांबले तरी जीभ थांबत नसे. सुट्टीतल्या थोड्या दिवसांसाठी मावशीने आपली छोटी दुर्बीण, कॅमेरा आणि ताऱ्यांच्या चालीने हळूहळू फिरणारी मोटारीची बैठक तिला दिली होती. रविवारी सकाळी ती सगळं परत न्यायला येणार होती. त्याआधी ढापणीला एकच फोटो हवा होता. मृग नक्षत्राशेजारी एक गोल तेजोमेघ आहे, धूळ आणि वायूंचा प्रचंड ढग. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीसुद्धा दिसत नाही. अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे ढीगभर फोटो काढून संगणकावर एकावर एक रचले, की त्याचा फिकट उजेड साठत जातो आणि मग कुठे तो दिसू लागतो. पण पावलांनी गच्ची हलते. म्हणून कॅमेरा सुरू करून तिघं मुकाट खाली जिन्यात बसत. आणि तरीही फोटो हलत. प्रत्येक हादऱ्याला दुर्बीण केसभर सरके, आणि तिसऱ्या हादऱ्याला तेजोमेघ चौकटीबाहेर जाई.

"भूत असेल," भिंगरी म्हणाली. "नाहीतर तुझी मोटार दारू प्यायली असेल."

"तू गप्प बस गं जरा."

शुक्रवारी सकाळी आणखी एक संकट आलं. आठवडाभर इमारतीत सकाळी सहा वाजताच नळ कोरडे पडत होते, आणि पंपपाणी बघणारे टाकीकाका रोज कुणाला तरी बोल लावत होते. कालपर्यंत ते पहिल्या मजल्यावरच्या शिंपिणीच्या कपडे धुण्यावर घसरत होते. आज त्यांनी ढापणीच्या आईला जिन्यातच गाठलं.

"ताई, तुमची पोरं रात्री गच्चीवर असतात. तिथला नळ तीच उघडी ठेवतात. मी रोज दहाला पंप बंद करून झोपतो, मग पाणी जातं कुठे? उद्यापासून गच्चीला कुलूप."

"आम्ही नळाला हातही लावला नाही," ढापणी म्हणाली.

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये."

चोर सोडून संन्याशाला फाशी! ती घरात आली आणि उशीत तोंड खुपसून पडली. दुर्बिणीचे दोन दिवस उरले होते आणि गच्चीचा एकच. बोक्याने न मागता पाण्याचा तांब्या आणून दिला, तेव्हा तिला त्याच्यावर केलेल्या आरोपाची लाज वाटली.

"हे बघ," तो म्हणाला, "तू बिघडलेल्या फोटोंच्या वेळा का लिहून ठेवतेस? टाकून दे ना ते."

"मावशीने सांगितलंय. बिघडलेला फोटो कधी बिघडला ते लिहायचं, म्हणजे..." ती एकदम उठून बसली. वहीत तीन रात्रींच्या वेळा होत्या. नऊ बेचाळीस, नऊ चोपन्न, दहा सहा, दहा अठरा. प्रत्येक वेळी चार मिनिटं तारे हलत, मग आठ मिनिटं शांत.

"भूत घड्याळ लावून येतं वाटतं," तेवढ्यात आत आलेली भिंगरी वहीत डोकावत म्हणाली. यावेळी मात्र तिला कुणी गप्प केलं नाही.

इमारतीत ठरावीक वेळाने काय सुरू होतं? तिघांनी जिना पालथा घातला. गच्चीवर टाकीच्या आडोशाला, जिथे रस्त्याचा दिवा पोचत नाही त्याच कोपऱ्यात दुर्बीण उभी राहायची. तिच्या पायाशी लोखंडी पट्टीने जखडलेला एक जाड पाइप होता, आणि तो थेट तळघरातल्या पंपापासून वर येत होता. इथे घोडं पेंड खात होतं.

"पण पंप तर दहानंतर बंद असतो," बोका म्हणाला.

"काका म्हणतात, बंद असतो."

काकांना तोंडावर खोटं ठरवलं असतं तर त्यांनी घरी पिटाळलं असतं. म्हणून ढापणीने गोडीगुलाबीने घेतलं. "काका, आज आभाळ भरलंय, कुलूप एक दिवस थांबवा. उद्या रात्री तुम्हीच गच्चीच्या दाराशी खुर्ची टाकून बसा. आम्ही नळ उघडताना सापडलो, तर पुन्हा वर पाऊल टाकणार नाही."

काका खूश झाले. चोर आपणहून पहाऱ्याला बोलावतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल!

शनिवारी रात्री काका दाराशी बसले. ढापणी आणि बोका त्यांच्याच पायाशी पायरीवर. भिंगरी आपल्या बाबांना घेऊन खाली पंपाच्या खोलीत घड्याळ आणि पेन्सिल घेऊन बसली. साडेदहाला ती बाबांसह धापा टाकत वर आली आणि तिने कागद वहीशेजारी ठेवला. तिच्या आणि कॅमेऱ्याच्या वेळा मिनिटाला मिनिट जुळत होत्या.

"दहा वाजल्यानंतर पंप दोनदा चालला," बाबा म्हणाले. "मी हात लावून पाहिला. काका, बटण 'बंद'वर नाही, 'आपोआप'वर आहे."

काकांनी मान खाली घातली. "पहाटे पाचला उठवत नाही हो आता. म्हटलं, टाकी रिकामी झाली की पंप आपला आपण सुरू होईल. पण इतकं पाणी रात्री वापरतं कोण?"

"कुणीच नाही." ढापणीने गच्चीवरून गटाराकडे जाणाऱ्या पाइपाला कान लावला. आत पाणी धो धो वाहत होतं. टाकीमागे बॅटरी मारली, तर तळाशी गाळ सोडायची तोटी अर्धी उघडी. आठ दिवसांपूर्वी टाकी धुतल्यावर काकांनी ती पुरती फिरवलीच नव्हती. रात्रभर पंपाने वर चढवलेलं पाणी थेट गटारात जात होतं, म्हणून कुणाला थेंबही दिसला नव्हता आणि पहाटेपर्यंत तळघरातला हौदच रिकामा होत होता.

काकांनी दोन्ही हातांनी तोटी आवळली. "पोरी, चुकलो मी. शिंपीणबाईंचीही माफी मागायला हवी."

पण ढापणीला माफी ऐकायला सवड नव्हती. आईने साडेअकराची मुदत दिली होती आणि पावणेअकरा होत आले होते. तिने दुर्बीण पुन्हा रोखली आणि सगळ्यांना, काकांनासुद्धा, जिन्यात पिटाळलं. बारा मिनिटं झाली, चोवीस झाली. एकही तारा हलला नाही.

रविवारी सकाळी नळाला पाणी होतं. मावशी आली तेव्हा ढापणी लॅपटॉपसमोर हिरमुसली होऊन बसली होती. जेमतेम ऐंशी फोटो मिळाले होते. ओला पेला उचलल्यावर टेबलावर राहतो तसं एक फिकट, लालसर कडं, बस्स.

"एवढंच आलं," ती पुटपुटली.

"एवढंच? अहो, सगळ्या इमारतीचं पाणी वाचवलंन हिने," टाकीकाका दारातून म्हणाले. "आम्हा मोठ्यांना आठ दिवस जे कळलं नाही, ते या तिघांनी शोधलं." आईने ढापणीच्या पाठीवरून हात फिरवला.

मावशीचं लक्ष मात्र पडद्यावरच होतं. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मला चार हिवाळ्यांत हा जमला नाही," ती म्हणाली. "मी बिघडलेल्या फोटोंच्या वेळा लिहीत गेले, पण कधी वाचल्या नाहीत."

मग तिने दुर्बिणीची पेटी उचलली आणि ती बाहेर न नेता कोपऱ्यात ठेवली. "सुट्टी संपेपर्यंत राहू दे इथेच. आणि आज रात्री जिन्यात माझ्यासाठी एक पायरी धरून ठेवा."