नवव्या भागातला हिरो

"मी युद्धावर निघाले आहे. परत येईन की नाही, ठाऊक नाही. पण जाण्याआधी एकदा... फक्त एकदा सांग, तुझ्या मनात काय आहे?"

"फिल्टर महिन्यातून एकदा धुवायला हवा," मागून आवाज आला.

ही आमची पहिली भेट.

मी डोक्यावरून चादर काढली. मी चादरीखाली का होते, तर माइकमध्ये आवाज घुमू नये म्हणून. समोर शिडीवर निळ्या युनिफॉर्ममधला एक मुलगा उभा होता. त्याच्या हातात आमच्या एसीची जाळी होती आणि नाकावर धूळ. शिडीखाली आई लसूण सोलत बसली होती, जणू परक्या मुलाने घरात शिडी लावणं हा लसणाचाच एक भाग आहे.

"बाबांनी कंप्लेंट केली होती," आई म्हणाली. "एसी गार होत नाही म्हणून."

आमचे बाबा इथे आखातात, अल खफजीच्या समुद्रात, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम करतात. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. घरी आले की भिंतीला हात लावतात आणि म्हणतात, हे घर आहे की भट्टी? त्यांना बिचाऱ्यांना माहीत नव्हतं, की सकाळची क्लिनिकची ड्युटी संपवून मी दुपारी चिनी मालिकांना मराठी आवाज देते आणि त्यासाठी एसी बंद ठेवावा लागतो.

"काकू, बिघाड काहीच नाहीये," शिडीवरचा म्हणाला.

"मग गार का होत नाही?"

"बंद आहे."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"चालू केला की होईल गार," तो डॉक्टरांच्या सुरात म्हणाला आणि शिडी उतरला. उतरताना एकदाच, अगदी ओझरतं, माझ्या माइककडे बघून हसला. माइककडे हं. माझ्याकडे नाही. मी नंतर बराच वेळ त्या माइकचा हेवा करत होते.

संध्याकाळी रेकॉर्डिंग ऐकलं तर त्याचं वाक्य त्यात आलेलं. आणि गंमत म्हणजे, पडद्यावरच्या राजपुत्राचे ओठ त्या वाक्यावर असे काही बसले, की मला ते काढवेना. सेनापती विचारते, तुझ्या मनात काय आहे? राजपुत्र दूर क्षितिजाकडे बघत म्हणतो, फिल्टर महिन्यातून एकदा धुवायला हवा. मी तसंच माझ्या चॅनेलवर टाकलं.

लोक रडले. खाली कुणीतरी लिहिलं, 'मनाच्या फिल्टरबद्दल इतकं खोल आजवर कुणी बोललं नव्हतं.' सगळ्यांचा एकच प्रश्न होता... हा आवाज कुणाचा?

आवाज समाधानचा. गाव देवरुख, मुक्काम कंपनीचा कॅम्प. दर शुक्रवारी त्याला सुट्टी, आणि दर शुक्रवारी आमचा एसी बिघडायला लागला.

राजपुत्राचा आवाज द्यायला मी त्याला बोलावलं, पण अट आईची होती. ती समोर बसणार. मग नुसती कशाला बसायचं, म्हणून मी तिला राजमातेचा आवाज दिला. लसूण सोलता सोलता आई असं काही "विष द्या तिला" म्हणायची, की समाधान चहाचा कप खाली ठेवायचा.

"हिरो कोण यात?" पहिल्याच शुक्रवारी त्याने विचारलं.

"हा. नवव्या भागात येतो."

"नवव्या? आणि आधी काय करतो?"

"काही नाही. ती किल्ला जिंकते, दुष्काळ मिटवते, दोन बंडं मोडते. मग हा येतो आणि खोकतो."

"फक्त खोकतो?"

"सुंदर खोकतो."

त्याने सुरुवातीची नावं पुन्हा लावली. त्याचे कान हळूहळू लाल झाले. "मग नाव त्याचं पहिलं कसं?"

मला त्या क्षणी तो आवडला. लोकांना डोळे आवडतात, उंची आवडते. मला एक माणूस श्रेयनामावली थांबवून चिडला म्हणून आवडला. माझं असंच आहे.

"तिकडे चीनमध्ये हे भांडण जुनं आहे," मी सांगितलं. "मोठे नट बाईच्या नावावर चालणाऱ्या मालिकेत यायलाच कुरकुरतात. आलेच तर नाव आधी हवं. फारच ताणलं तर पोस्टरवर एकाचं नाव डावीकडे पण खाली, दुसऱ्याचं उजवीकडे पण वर. म्हणजे पहिलं कोण ते पोस्टरलाही कळू नये."

"आणि हा राजपुत्र केवढा?"

"गोष्टीत एकोणीस. नट चाळिशीचा."

"आणि चाळिशीची नटी असेल तर?"

"तर तिला त्याची आई करतात."

"म्हणजे माझा पार्ट," आई म्हणाली आणि लसणाची पाकळी कचकन तोडली.

समाधान गंभीरपणे म्हणाला, "आमच्या साइटवरपण असंच. पाइप मी चढवतो, बोर्डावर नाव मालकाचं, कफीलचं." थोडं थांबला. मग हळूच, माझ्याकडे न बघता, "तू तुझं नाव पहिलं टाक हं. माझं टाकलं नाहीस तरी चालेल."

मी टाकलं. पहिलं माझं, दुसरं त्याचं, तिसरं आईचं. आईने तिसऱ्या नंबरावरून माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

जून, जुलै, ऑगस्ट. बाहेर खफजीची हवा अशी, की समुद्रावरून येणारा वारासुद्धा घाम पुसत येतो. आत एसी बंद, पंखा बंद. ज्याचा धंदाच गारव्याचा, तो मुलगा माझ्यासाठी घामाने निथळत बसायचा. चहाचा घोट घ्यायचा नाही, आवाज येईल म्हणून. दोन दृश्यांच्या मधे लॅपटॉपचा पडदा काळा व्हायचा आणि त्यात आम्ही दोघं दिसायचो... शेजारी शेजारी, अंधुक. तेवढ्यापुरते आम्ही एकमेकांकडे बघायचो. मग चिनी सैन्य यायचं.

बोललं कुणीच नाही. तो राजपुत्राच्या आवाजात "तुझ्याविना हा महाल ओसाड आहे" म्हणायचा आणि स्वतःच्या आवाजात "काकू, निघतो".

सप्टेंबरात त्याची बदली झाली. कुठे, तर खमीस मुशैतला. देशाच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरावर. जिथे लोक उन्हाळ्यात थंड हवा खायला जातात, तिथे कंपनीने आपला सर्वात चांगला एसीवाला पाठवला.

"तिथे तू करणार काय?"

"बहुतेक त्यांना समजावणार, की खिडकी उघडा."

मी हसले. तो हसला. आईने त्याला लसणाची चटणी बांधून दिली आणि राजमातेच्या आवाजात "विष नाही आहे" म्हणाली. दार लागलं. मग मी एसी चालू केला. घर लगेच गार झालं. इतकं गार मला नको होतं.

आता तो फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचा. पण खमीसला दुपारी पाऊस यायचा. पत्र्यावर टपटप, लांबवर गडगड... आणि त्यात त्याचा आवाज, "सेनापती, तुमची वाट पाहतोय." दृश्य वाळवंटातलं. वाळवंटात इतका पाऊस कसा दाखवणार? मी लिहायचे, 'पाऊस येतोय, परत पाठव.' तो परत पाठवायचा, कोरडं. ते मी मालिकेत वापरायचे.

आणि ओलं स्वतःकडे ठेवायचे. कानात घालून क्लिनिकला जायचे. बाहेर धुळीचं वादळ, माझ्या कानात पाऊस, आणि पावसात कुणीतरी माझी वाट पाहतंय.

मग मुंबईच्या एका डबिंग कंपनीचा त्याला निरोप आला. त्यांना चॅनेल आवडला होता. म्हणजे त्याचा आवाज आवडला होता. मालिका नवी, नायिका पुन्हा सेनापती, नायकाचा आवाज समाधानचा, नाव पहिलं. नायिकेसाठी त्यांच्याकडे कुणीतरी होती.

"चॅनेल मी चालवते," मी फोनवर म्हणाले. "भाषांतर माझं. सेनापती मी, तिची दासी मी, शत्रूचं सैन्य मी. घोडासुद्धा मी आहे."

"सांगितलं मी. घोड्याचंही सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, प्रेक्षक हिरोसाठी येतात."

पाऊस पडत होता तिकडे. मला ऐकू येत होता.

"जा," मी म्हणाले. "चांगली संधी आहे. शिडीवर किती दिवस चढणार?"

"किशोरी... हे तू कुठल्या आवाजात बोलतेयस?"

मी फोन ठेवला. त्या आठवड्यात शेवटचा भाग होता. युद्ध सेनापती जिंकते, आणि मग राजपुत्र तिच्यासमोर उभा राहून लांबलचक बोलतो. ती? ती मान हलवते. सगळी मालिका तिने ओढली, शेवटी तिला एक वाक्य नाही. मला ते दृश्य करवेना. माइकसमोर बसायचे आणि उठायचे.

शुक्रवारी क्लिनिकला सुट्टी होती. चादरीखाली बसले होते. एसी बंद. दाराची बेल वाजली, आणि आईचा आवाज आला, "हो, त्याच खोलीतला. अजिबात गार होत नाही."

मी चादर काढली. समाधान. हातात शिडी नाही, युनिफॉर्म नाही. इस्त्रीचा शर्ट, विमानात चुरगळलेला.

"काकूंनी फोन केला होता," तो म्हणाला. "रजा टाकून आलो. एसीला काय झालंय?"

"काही नाही. बंद आहे."

"हं," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. त्याच्या जुन्या जागेवर. "मी मुंबईला 'नाही' म्हणून कळवलं. म्हटलं, ती नसेल तर मीपण नाही."

आई हातातली पाकळी तशीच धरून बघत राहिली. मालिकेत असतं तर इथे बासरी वाजली असती.

मी मात्र भडकले. "कुणाला विचारून?"

"अं?"

"राबायचं मी, आणि शेवटी त्याग तुझा! म्हणजे परत मोठा कोण झाला? हिरो! लोक म्हणणार, बघा तिच्यासाठी किती सोडलं त्याने. मी काय करायचं? मान हलवायची?"

त्याचे कान लाल झाले. "मग... काय करू?"

"त्यांना परत लिही. म्हणावं, सेनापतीची ऑडिशन घ्या. घोड्याचीपण घ्या. मी नापास झाले तर तू एकटा जा, मी स्वतः विमानात बसवीन. पण माझ्या वतीने 'नाही' तू म्हणायचं नाहीस. मी म्हणेन."

"बरं."

"आणि नाव कुठे टाकायचं त्यावर मी भांडेन."

"बरं."

"आणि..."

इथे माझा आवाज गेला. इतके आवाज होते माझ्याकडे, एकही येईना. लॅपटॉपचा पडदा काळा झाला होता. त्यात आम्ही दोघं होतो, शेजारी शेजारी. मी तिथून नजर काढली आणि पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"आणि तुझे पावसातले सगळे तुकडे मी ठेवलेत. एकही पुसला नाही. मला ते मालिकेसाठी नको होते. मला... तू पाहिजेस. मुंबईत, खमीसला, शिडीवर, कुठेही. लग्न करशील माझ्याशी?"

खोलीत फार उकडत होतं. त्याच्या कपाळावरून एक थेंब निघाला, भुवईवर थांबला, गालावर आला. तो पुसायलासुद्धा हलला नाही. मग त्याने हळूच मान हलवली. एकदा. पुन्हा एकदा, मला नीट दिसावी म्हणून.

"अरे, बोल की काहीतरी!" आई ओरडली.

"काकू, मी नवव्या भागात आलो," तो म्हणाला. "शेवटचं वाक्य तिचं."

मग तो उठला आणि त्याने एसी चालू केला.