पाहुण्यांचा चढ

मेंढा अडला, तो नेमका मनकर्णेच्या बैलगाडीसमोर.

मेंढ्यामागे चार चाकांची बुटकी फळी जोडलेली होती. फळीवर घोंगडी, आणि घोंगडीवर चकलांब्याचा सिदू. लहानपणीच्या तापात त्याचे दोन्ही पाय गेले होते; बाकी माणूस ताठ, मिशी नुकतीच फुटलेली.

"बाजूला घ्या की तुमचं वाहन," गाडीतून मनकर्णा म्हणाली. "आमचे बैल बुजतेत."

"एवढाले बैल, अन् मेंढ्याला भितेत? चौसाळ्याचेच दिसतेत."

मनकर्णेने पदर ओठांवर धरला. हसू लपवायची ती एक रीत आहे. त्याने हसू लपत मात्र नाही.

"नाव काय ह्याचं?"

"नवाब."

"अगं बाई! हळू बोला... तिकडं तहसीलदारसाहेब बसलेत."

"त्यांचं नाव वायलं असंल की!"

राज्य निजामाचं होतं, पण चौसाळ्याच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडावर त्याहून कडक अंमल होता तो रिवाजाचा. चौसाळ्याची माणसं अलीकडे, सपाटीवर, लिंबाच्या सावलीत. परगावची माणसं ओढ्यापलीकडे, दगडांच्या चढावर, तोंडावर ऊन घेऊन. मागे कधीतरी सगळे मिसळून बसले होते, तेव्हा कुस्ती फडात कमी आणि बाहेर जास्त झाली होती. तहसीलदारसाहेबांचे दोन्ही पाय धडधाकट होते, म्हणून त्यांना खुर्ची होती. सिदूचे नव्हते, म्हणून त्याच्या वाट्याला चढ आला.

फळी चढावर जाईना. पाठुंगळीवर जायला सिदू तयार होईना. "कुस्ती बघाया आलोय, पोतं व्हाया न्हाई." त्याचा धाकटा भाऊ भारत त्या दिवशी फडात उतरणार होता. मेंढरं वळवताना सिदू जी हाळी घालायचा, ती कानावर पडली की भारतच्या अंगात जोर चढायचा. ती हाळी घालायलाच तर तो दोन मुक्काम करून आला होता.

शेवटी पंच बसले. मनकर्णेचे वडील अर्जुनराव त्यांत मुख्य. त्यांनी निवाडा दिला, "बायकांच्या गाड्यांपशी बसू द्या त्याला. पण आमच्यात बसून परगावाचा गजर करायचा न्हाई. जबान दे."

सिदूने जबान दिली. तरण्या, परक्या पुरुषाला बायकांत कसं बसवायचं, असं कुणीतरी विचारलंही.

"त्यो पांगळा हाय," अर्जुनराव म्हणाले, आणि प्रश्न मिटला. ज्याचे पाय गेले त्याचे डोळे आणि काळीजही गेलं असणार, यावर पंचांचं एकमत झालं. एरवी त्यांचं एकमत जेवणाच्या वेळेवरही होत नसे.

भारत फडात आला. त्याने चढाकडे पाहिलं, शोधलं... हाळी नाही. सिदूची नखं फळीत रुतली.

"वरडावं वाटतंय?" मनकर्णेने हळूच विचारलं.

"मनाई हाय."

"मग डोळ्यांनी वरडा."

"डोळे दुसऱ्या कामाला लागलेत."

गाडीत पेंगणाऱ्या बायनाआत्याने एक डोळा उघडला. "कोणत्या रं कामाला?"

"उन्हाच्या, आत्या. ऊन लई हाय."

बायनाआत्याने वर पाहिलं. वर लिंब होता. तिने डोळा पुन्हा मिटला.

त्या वर्षी भारत पडला. मनकर्णेने काकडीची मीठ लावलेली फोड फळीच्या कडेवर ठेवली. ती उचलताना सिदूचं बोट तिच्या बोटाला लागलं... म्हणजे, लागायचं काही कारण नव्हतं. फोड चांगली लांब होती.

पुढच्या जत्रेला ती नवाबासाठी पेंड घेऊन आली.

"त्याला पेंड, अन् मला?"

"तुमच्यासाठी न्हाई आणलं कायी."

"मग मी आलो कावून?"

"ते मला कावून इचारता?" ती पेंड चुरत राहिली. नवाबाचं पोट भरलं होतं, तरी चुरत राहिली.

"सालभर काय केलं?" त्याने विचारलं.

"स्थळं मोडली. एकाचं नाक लांब हुतं. एकाचं गाव लांब हुतं."

"चकलांबा बी लांबच हाय..."

"नाक तर बरं हाय ना," ती म्हणाली, आणि एकदम फडाकडे बघू लागली.

फडात भारत चौसाळ्याच्या आप्पाच्या खाली दबला होता. मान तिरकी करून तो हाळीच्या आशेने चढाकडे बघत होता, एकदा, पुन्हा एकदा. सिदूचं तोंड उघडलं — आणि मिटलं. जबान दिली होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलंही नाही.

तेवढ्यात मनकर्णा गाडीत उभी राहिली. पदर खांद्यावर आला, बांगड्या वाजल्या, आणि —

"भारतदादा! हिकडं बघ! सिदू हितं हाय! ऊठ!"

भारतने बघितलं. भारत उठला. थोड्या वेळाने आप्पाची पाठ मातीला लागली, पण आप्पाकडे कुणी बघत नव्हतं. अख्खं चौसाळा गाव गाडीकडे बघत होतं.

"हे काय केलंत तुमी?" सिदू पुटपुटला.

"मनाई तुमाला हुती. मला कुणी केलती?"

अर्जुनरावांनी घरी हात उगारला नाही. तसे ते वाईट नव्हते. मेंढपाळ, परगावचा, पांगळा असं मोजत ते ओसरीवर बसून राहिले, आणि मग मांजरसुंब्याचं स्थळ घेऊन आले. मनकर्णा रडली, जेवली नाही, पुन्हा रडली. एका सकाळी येऊन म्हणाली, "करते लगीन. पण आधी चढाला वाट करा. त्याची फळी वर जाईल आशी."

"कावून?"

"तितं त्याच्या माणसांत बसंल त्यो. तितं त्याला वरडता यील."

वाट झाली की पोरगा ओढ्यापलीकडे बसणार होता, हा विचार अर्जुनरावांच्या मनात आलाच नसेल असं नाही. पण उन्हात उभं राहून त्यांनी स्वतः धोंडे हलवले, मुरूम टाकला, कुठे चाक अडेल ते वाकून पाहिलं.

पुढच्या जत्रेत नवाब सवयीने गाड्यांकडे वळला. गाडीत बायनाआत्या एकटीच होती.

"हितं न्हाई आता, लेकरा. तुला वाट केलीय वर."

"अन्... ती?"

"मांजरसुंब्याला दिली. वाट झाल्याबिगर हळद लावू दिली न्हाई पोरीनं." आत्याने नाक पुसलं. "सांगून गेलीय. मोठ्यानं वरड म्हणावं. लई मोठ्यानं."

सिदू वर गेला. वाट खरोखर उत्तम होती. चकलांब्याचे म्हातारेही तिच्यावरून चढले आणि अर्जुनरावांच्या मोठ्या मनाची तारीफ करत बसले. चढावरून फड तळहातासारखा दिसत होता. बायकांच्या गाड्यांची मात्र नुसती रांग दिसायची, माणसं दिसायची नाहीत.

भारतने मान वर केली आणि त्याला सिदू दिसला. सिदूने हाळी घातली. चढ दणाणला. भारतने समोरच्याला बघता बघता चीत केलं. चकलांब्याची पागोटी हवेत उडाली, खाली आली, हाळी चालूच.

"सिद्या, बास की बे! झाली कुस्ती! जिकला आपला!"

सिदू फडाकडे बघत नव्हता. त्याचं तोंड मांजरसुंब्याच्या रस्त्याकडे होतं. आवाज फाटला, तरी तो श्वास घ्यायचा आणि पुन्हा हाळी घालायचा.

पलीकडे पुढची जोडी लंगोट कसून ताटकळत उभी होती. लोक कुरकुरू लागले. तहसीलदारसाहेबांनीही खुर्चीत चुळबुळ केली. पण हाळी थांबेपर्यंत अर्जुनरावांनी कुस्ती लावली नाही.