एकोणीस जणांचा हिशोब

पाय बोलायला लागले म्हणून ती दिसेल त्या बाकावर टेकली, आणि तिचा डोळा लागला. बाक हॉस्पिटलच्या संख्याशास्त्र विभागाबाहेरचा आहे, हे तिच्या ध्यानातही नव्हतं. मांडीवरचे कागद घसरून पसरले, तेव्हा आतला संख्याशास्त्रज्ञ ते गोळा करायला वाकला आणि वाचतच राहिला.

ती दचकून उठली.

"तुमच्या तक्त्यात एकशेवीस माणसं दिसतात," तो म्हणाला.

"साठच आहेत. जिना चढताना गुडघा दुखतो का, हे व्यायामाआधी विचारलं... सहा आठवड्यांनी त्यांनाच परत विचारलं."

"मग काय-स्क्वेअर चाचणी नको. ती चाचणी त्यांना वेगवेगळी माणसं समजते. इथे मॅक्नेमार लावायची. ज्यांचं उत्तर बदललं, तेवढेच बघायचे."

ती फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवायचे, उरल्या वेळात प्रबंध — तोही मार्गदर्शक सरांनी दोनदा परत पाठवलेला. "अजून एक चाचणी," ती पुटपुटली. रडायचंही त्राण नव्हतं.

मग ती रोज दुपारी येऊ लागली. तो समजावायचा, ती पेंगायची.

"मी एवढा कंटाळवाणा आहे?"

"नाही हो. तुमच्या आवाजाने शांत झोप लागते... कौतुकच करतेय."

तो कानांपर्यंत लाल झाला.

मोजण्याआधीच दोघांनी ठरवलं होतं — उत्तर बदललेले लोक पंचवीसच्या आत निघाले, तर अंदाजाचं सोपं सूत्र वापरायचं नाही, इतक्या थोड्यांत ते फसवतं; नेमका हिशोब करायचा. निघाले एकोणीस. चौदा जणांचं दुखणं थांबलेलं, पाच जणांचं नव्याने सुरू झालेलं. नेमक्या हिशोबात व्यायामाचा फायदा सिद्ध होणं थोडक्यात हुकलं.

"आणि सोप्या सूत्राने?"

त्याने तेही संगणकावर करून पाहिलं. "त्याने जमतं."

"मग?"

"आपलं ठरलं होतं."

ती कागद उचलून निघून गेली. आठ दिवस फिरकली नाही. दाराशी पावलं वाजली की तो मान वर करायचा, आणि पुन्हा खाली घालायचा.

नवव्या दिवशी ती आली. "व्यायामाचा फायदा सिद्ध झाला नाही, असं लिहून दिलं. सर म्हणाले, चालेल."

"त्या दिवशी दुसरंच सूत्र पुढे करावंसं वाटलं होतं," तो म्हणाला. "तुमचा चेहरा बघवत नव्हता."

"मग का नाही केलंत?"

"पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवला नसतात. आणि मला तर तुम्ही... प्रबंध संपल्यावरही हव्या आहात."

ती शेजारच्या खुर्चीत बसली. हळूच तिने डोकं त्याच्या खांद्याला टेकवलं. "मग ते अहो-जाहो बंद कर आधी."

"दमलीस?" त्याने विचारलं.

"खूप," ती म्हणाली, आणि तशीच बसून राहिली.